ईव्हीची बॅटरी उन्हाने जाते की फास्ट चार्जिंगने? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: गाडी अडीच वर्षांची, ३८,००० किमी झालेत, संध्याकाळी घरी आलं की लगेच प्लग लावायचा आणि १००% करून ठेवायची, दिवसभर गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर उन्हात, महिन्यातून दोनेकदा फास्ट चार्जिंग. सर्व्हिसला बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता, ९३% दाखवली. मित्र म्हणतो फास्ट चार्जिंगनेच वाट लागली, आणि अधूनमधून बॅटरी पार शून्यावर नेऊन मग भरावी म्हणजे नीट राहते. खरं काय, आता काय बदलायचं, आणि गाडी विकून टाकावी का?

आधी त्या ९३% बद्दल बोलतो कारण अर्धी काळजी तिथेच आहे. अडीच वर्षांत ७% जाणं हे नॉर्मल आहे, त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. लिथियम-आयन बॅटरी सरळ रेषेत उतरत नाही, सुरुवातीला भराभर उतरते आणि मग वेग मंदावतो. म्हणजे ७ भागिले अडीच करून "वर्षाला जवळपास ३%, मग दहा वर्षांत ७२%" असा हिशोब लावू नका, हा हिशोब मी जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याकडून ऐकलाय आणि प्रत्येक वेळी तो चुकीचाच असतो. हा वेग का मंदावतो हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप लक्षात येतं, म्हणून थोडं आत शिरू.

बॅटरी अनेक सेलची बनलेली असते, त्यातल्या प्रत्येक सेलच्या एका बाजूला ग्राफाइट असतं. पहिल्या चार्जिंगलाच त्या ग्राफाइटवर इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे सेलमधल्या द्रवाचं, विघटन होऊन एक अतिशय पातळ थर बसतो, त्याला आमच्याकडे एसईआय म्हणतात. हा थर हवाच, तो नसेल तर इलेक्ट्रोलाइटचं विघटन सतत होत राहील आणि सेल काही दिवसांत संपेल. पण हा थर पूर्ण बंदिस्त नसतो, हळूहळू जाड होत राहतो, आणि जाड होताना त्यात लिथियम कायमचं अडकत जातं. जे लिथियम इकडून तिकडे जाऊन तुम्हाला रेंज देणार होतं ते तिथेच गाडलं गेलं. पाण्याच्या पाईपात आतून क्षार धरतो तसंच समजा, फक्त इथे प्रवाहाला अडथळाही वाढतो आणि पाणीही कमी होत जातं. थर जितका जाड तितकं त्यातून पलीकडे झिरपणं अवघड, म्हणून वाढ आपोआप मंदावते, ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. पहिल्या वर्षी या कारणाने ४% गेले असतील तर चौथ्या वर्षाअखेर ८% च्या आसपास, १६% नाही.

आता महत्त्वाचं म्हणजे हा थर गाडी उभी असतानाही वाढतो. चार्जिंग चालू नाही, गाडी चालत नाही, तुम्ही झोपलाय, तरी वाढतोय. त्याचा वेग ठरवणाऱ्या दोनच मोठ्या गोष्टी आहेत, सेलचं तापमान आणि सेल किती भरलेला आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात हा आमचा ढोबळ नियम, तंतोतंत नाही पण दिशा दाखवायला पुरेसा. २५ अंशावरचा सेल आणि ४५ अंशावरचा सेल यात म्हणजे चौपट फरक. आणि सेल भरलेला असला की ग्राफाइटची बाजू इलेक्ट्रोलाइटवर जास्त जोरात तुटून पडते, शिवाय समोरची कॅथोडची, म्हणजे धन टोकाची, बाजूही वरच्या व्होल्टेजला त्रास द्यायला लागते.

हे दोन्ही एकत्र आले की काय होतं याचा एक जुना तक्ता आहे, मोबाईल-लॅपटॉपच्या सेलचा. सेल एक वर्ष नुसते पडून ठेवले, वापरलेच नाहीत. २५ अंशावर ४०% भरून ठेवलेल्यांची क्षमता ९६% राहिली, १००% भरून ठेवलेल्यांची ८०%. ४० अंशावर तेच आकडे ८५% आणि ६५%. आजच्या गाड्यांचे सेल याच्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, त्यामुळे हे आकडे तुमच्या गाडीला लावून रडत बसू नका, पण क्रम तोच आहे. गार आणि अर्धा भरलेला हा सगळ्यात सुखी, गरम आणि पूर्ण भरलेला हा सगळ्यात दुःखी. तुमची गाडी दिवसातले किती तास त्या शेवटच्या, गरम आणि भरलेल्या अवस्थेत असते, एवढा एकच प्रश्न मी तुम्हाला विचारेन, बाकी सगळं त्यानंतर.

आणि तुमचं वर्णन वाचून मला वाटतं बरेच तास असते. संध्याकाळी सातला आलात, रस्त्यावरून तापून आलेला पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, लगेच प्लग, रोजचं चालवणं थोडंच असल्यामुळे दोन-तीन तासांत १००%. मग रात्रभर १००%, सकाळी ऑफिसला १५-२० किमी गेलात म्हणजे ९०-९५%, आणि तिथे आठ-नऊ तास उन्हात. म्हणजे चोवीस तासांतले वीसेक तास गाडी ९०% च्या वर. याच्यापुढे महिन्यातली दोन फास्ट चार्जिंगं अक्षरशः किरकोळ आहेत, तुमच्या मित्राने बिचाऱ्याला फुकट फासावर चढवलंय.

अर्थात फास्ट चार्जिंग निर्दोष आहे असंही नाही, त्याचाही हिशोब बघू. समजा ६० युनिटचा पॅक आहे, वजन साधारण ४०० किलो. १२० किलोवॉटने चार्ज करताना समजा त्यातले ५% आत उष्णता होऊन जातात, म्हणजे ६ किलोवॉट. अर्ध्या तासात ३ युनिट उष्णता. ४०० किलोच्या पॅकला १ युनिट उष्णता दिली की तो ढोबळमानाने ९ अंशांनी तापतो, म्हणजे कूलिंग नसतं तर पॅक २७ अंशांनी वर गेला असता. आता हेच घरच्या ७ किलोवॉटच्या चार्जरला बघा. उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे १२० च्या जागी ७ टाकलं की ६,००० वॉटचे जेमतेम २० वॉट होतात. एका मोठ्या एलईडी बल्बएवढे, तेही अख्ख्या ४०० किलोच्या पॅकमध्ये. म्हणून स्लो चार्जिंगने सेल तापतात ही भीती सोडून द्या. स्लो चार्जिंगला जे गरम लागतं ते घरच्या एसी विजेची डीसी वीज करणारं गाडीतलं चार्जर युनिट, सेल नाहीत.

फास्ट चार्जिंगमध्ये दुसरी गोष्ट म्हणजे लिथियम प्लेटिंग. करंट इतका जोरात आला की लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळच मिळत नाही, मग ते वरच धातू होऊन बसतं. हे जास्त करून बॅटरी थंड असताना किंवा वरच्या टक्क्यांत होतं. ८०% नंतर फास्ट चार्जर हळू होतो तो याच्याचसाठी, चार्जर खराब नसतो. ०-१० अंशाच्या थंडीत म्हणूनच अनेक गाड्या आधी पॅक गरम करतात मग करंट घेतात. गंमत म्हणजे या बाबतीत थोडी ऊब बॅटरीच्या फायद्याचीच आहे, त्यामुळे काही गाड्या फास्ट चार्जरकडे जाताना मुद्दाम पॅक ४०-४५ अंशापर्यंत नेतात. अर्धा तास गरम राहणं आणि सहा महिने रोज आठ तास गरम राहणं यातला फरक इथे लक्षात घ्या, वय वाढतं ते दुसऱ्याने.

याला रस्त्यावरचे पुरावेही आहेत. सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण पहिल्या पिढीच्या निसान लीफचं. २४ युनिटची बॅटरी, बंद डबा, आत ना कूलंट ना पंखा. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या १२ पट्ट्यांपैकी एकेक पट्टी गायब व्हायला लागली, गाड्या जेमतेम एक-दीड वर्षाच्या. थंड प्रदेशातल्या त्याच मॉडेलच्या त्याच वयाच्या गाड्या व्यवस्थित होत्या. शेवटी निसानला ९ पट्ट्यांच्या खाली गेल्यास ५ वर्षं किंवा ६०,००० मैल अशी क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली, आणि पुढे उष्णता जास्त सोसणारी रसायनं असलेली बॅटरी आणली. त्याच फिनिक्समध्ये आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने चार लीफ गाड्या ५०,००० मैल, म्हणजे ८०,००० किमी चालवल्या, दोन फक्त स्लो चार्जिंगवर आणि दोन फक्त फास्टवर. फास्टवाल्यांची क्षमता थोडी जास्त गेली हे खरं, पण स्लोवाल्यांचीही जवळपास पाव क्षमता गेलीच. म्हणजे चार्जिंगच्या प्रकाराने फरक पडला काही टक्क्यांचा, मोठा घास घेतला तो उन्हाने. आणि २०२३ मध्ये रिकरंट नावाच्या कंपनीने १२,५०० हून जास्त टेस्ला गाड्यांचा डेटा बघितला, ९०% हून जास्त वेळा फास्ट चार्ज करणारे विरुद्ध १०% हून कमी वेळा करणारे, रेंजच्या उतरण्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. या गाड्यांना द्रवाने थंड करायची चांगली यंत्रणा आहे हे मात्र विसरू नका, तो निष्कर्ष कूलिंग नसलेल्या गाडीला लागू नाही.

माझ्या स्वतःच्या कामातलंही हेच. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. एक टॅक्सी, प्रचंड चालवलेली, रोज फास्ट चार्जिंग, ड्रायव्हरला २०% ते ८०% एवढंच माहिती कारण वरचं भरण्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे धंदा. दुसरी अगदी जपलेली, कमी चाललेली, मालक दर रविवारी पुसून १००% करून पत्र्याच्या शेडखाली लावून ठेवायचे. हेल्थ टॅक्सीची जास्त निघाली. त्या मालकांना हे सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण माणसाने मनापासून जपलं होतं, फक्त चुकीच्या गोष्टीला. दोन गाड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं, पण असं पुन्हा पुन्हा बघितलंय.

आता काय बदलायचं. आधी तुमच्या गाडीत कुठली बॅटरी आहे ते बघा कारण सल्ला थोडा बदलतो. निकेलवाली असेल, म्हणजे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) किंवा एनसीए (निकेल-कोबाल्ट-ॲल्युमिनियम), तर गाडीत किंवा ॲपमध्ये चार्ज लिमिट ८०% लावा आणि विसरून जा. रोज ४०-५० किमीच चालत असाल तर ७०% लावलं तरी चालतंय. लांब जायचं असेल तेव्हा बिनधास्त १००% करा, फक्त निघायच्या थोडं आधी पूर्ण होईल असं बघा. १००% ला स्पर्श केल्याने काही होत नाही, तिथे मुक्काम केल्याने होतं.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटवाली, असेल तर कंपनी बहुतेक आठवड्यातून एकदा तरी १००% करा असं सांगते, आणि लोक त्याचा अर्थ "एलएफपीला १००% आवडतं" असा घेतात. तसं नाहीये. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट, ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास असतं, त्यामुळे ३०% आहे की ७०% हे नुसत्या व्होल्टेजवरून बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या गाडीतल्या कंप्युटरला, कळत नाही, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज बांधत बसतो आणि चूक साठत जाते. १००% ला व्होल्टेज एकदम चढतं, तिथे त्याला खूण सापडते आणि सेलही एकमेकांच्या बरोबरीला आणता येतात. म्हणजे १००% ही बीएमएसची गरज आहे, सेलची नाही. एलएफपीचा सेलही गरम आणि भरलेला ठेवला तर म्हातारा होतोच, निकेलपेक्षा कमी, पण होतो. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस ठरवा, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी जरा जास्त चालवणं असेल तो, आणि बाकी दिवस ७०-८०% वर राहू द्या. कुठली बॅटरी आहे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, नसेल तर सर्व्हिसवाल्याला विचारा.

दुसरा बदल म्हणजे घरी आल्या आल्या चार्जिंग सुरू न करणं. प्लग लावायला हरकत नाही, उलट लावूनच ठेवा, पण टायमर टाका की चार्जिंग पहाटे दोन-तीनला सुरू होऊन निघायच्या सुमारास संपेल. याने दोन कामं होतात, पॅक तोवर बराच गार झालेला असतो आणि भरलेल्या अवस्थेतले तास वाचतात. इथे एक गैरसमज खोडतो, "आल्यावर १५ मिनिटं थांबा मग चार्ज करा" हा सल्ला सगळीकडे फिरतोय. ४०० किलोचा बंद डबा १५ मिनिटांत गार होत नाही हो, एखादा अंश उतरला तरी खूप. गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून थांबायचं तर रात्रभर थांबा, नाहीतर थांबूच नका.

उन्हातल्या पार्किंगचं काय. सावली मिळाली तर घ्याच, पण आतला डॅशबोर्ड ६० अंश झाला म्हणजे बॅटरी ६० अंशावर गेली असं नाही. पॅक खाली असतो, त्याला थेट ऊन लागत नाही, त्याला लागते खालच्या तापलेल्या डांबराची आणि आजूबाजूच्या हवेची धग, आणि वजनदार असल्यामुळे तो दिवसाच्या सरासरीच्या मागेमागे हळूहळू जातो. त्यामुळे काचेला लावायचा चंदेरी पडदा तुमच्यासाठी चांगला, बॅटरीला त्याचा उपयोग थोडाच. सावली नसेलच तर जे हातात आहे ते करा, म्हणजे तिथे पोचताना गाडी ९५% नव्हे तर ६०-७०% असू द्या. तापमान तुम्हाला कमी करता येत नसेल, टक्के तर येतात. प्लग लावलेला असताना काही गाड्या बाहेरच्या विजेवर पॅक थंड ठेवतात, ऑफिसला पॉइंट असेल तर लिमिट खाली लावून प्लग ठेवणं त्यामुळे चांगलंच.

सुट्टीवर दोन-तीन आठवडे जाताना ५०% च्या आसपास ठेवून जा. गाडी उभी असताना कॅमेऱ्याचा पहारा वगैरे फीचर असेल तर बंद करा, ते गुपचूप बॅटरी खातं. आणि निघायच्या आदल्या रात्री "परत आल्यावर तयार असावी" म्हणून १००% करू नका, हे सगळ्यात कॉमन आहे आणि सगळ्यात वाईट.

फास्ट चार्जिंग जेव्हा लागेल तेव्हा करा, ८०% ला काढा. भर दुपारी हायवेवरून जोरात येऊन लागोपाठ दोन-तीनदा करावं लागलं तर गाडी स्वतःच स्पीड कमी करेल, चार्जरवाल्याशी भांडू नका, तो बीएमएस तुमचे पुढचे पैसे वाचवतोय. कूलंटची पातळी आणि पुढचा रेडिएटर चिखल-पाल्याने बुजलेला नाही ना हे सर्व्हिसला बघायला लावा, ईव्हीला सर्व्हिस लागतच नाही म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

आता मित्राचा तो शून्यावर नेण्याचा सल्ला. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, त्यांच्यात मेमरी इफेक्ट होता, लिथियम-आयनमध्ये त्यासाठी काही करावं लागत नाही. उलट १००% ते ०% अशा मोठ्या फेऱ्यांपेक्षा ७०-५०, ८०-४० अशा छोट्या फेऱ्यांनी सेल कमी थकतो, कारण भरता-रिकामं होताना आतले कण फुगतात-आकसतात आणि त्यांना चिरा जातात. डॅशबोर्डवरचं ०% हे सेलचं खरं शून्य नसतं, कंपनीने खाली थोडं राखून ठेवलेलं असतं, त्यामुळे एकदा ३% वर घरी पोचलात तर काही बिघडलं नाही. पण ३% वर गाडी तशीच महिनाभर उभी ठेवणं धोक्याचं, तिथून सेल खरंच खाली गेला तर आतलं तांबं विरघळायला लागतं आणि मग तो पॅक वाचवणं अवघड.

गाडी विकायची का असंही विचारलंय. ९३% वर अजिबात नाही. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीपर्यंत ७०% ची असते, तुम्ही त्याच्या आसपासही नाही. शिवाय ते ९३% म्हणजे वजनकाट्यावरचं माप नाही, बीएमएसचा अंदाज आहे, तुम्ही कायम वरच्या टक्क्यांतच खेळत असाल तर त्याला खालचा भाग दिसतच नाही आणि अंदाज दोन-तीन टक्के इकडेतिकडे सहज होतो. स्वतः मोजायचं असेल तर एकदा १०% पर्यंत उतरू द्या, रात्री स्लो चार्जरवर १००% करा आणि भिंतीकडच्या मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवा. ४० युनिटचा पॅक नवा असता तर त्याला ३६ लागले असते, आणि वाटेत साधारण १०% वाया जातात म्हणून मीटरवर ४० च्या आसपास दिसले असते, तुमचं किती येतंय त्यावरून ढोबळ अंदाज येईल. तारीख आणि त्या दिवसाचं तापमानही लिहा, कारण थंडीतलं माप आणि उन्हाळ्यातलं माप एकमेकांशी जुळत नाही, पुढच्या वर्षी परत मोजाल ते त्याच महिन्यात मोजा.